पंधरा टक्के दमा खरंच टळेल? : आरएसव्ही आणि बालदम्यावरचा एक पेपर वाचताना

या वेळी एकच पेपर घेऊ आणि तो सावकाश वाचू. २०२३ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या बाळांवरचा एक अभ्यास छापून आला. अभ्यासाचं नाव ‘इन्स्पायर’. वँडरबिल्ट विद्यापीठातल्या टिना हार्टर्ट यांच्या गटाचं हे काम. निष्कर्ष थोडक्यात असा: वयाच्या पहिल्या वर्षात आरएसव्ही या विषाणूची लागण झाली नाही, तर पाचव्या वर्षी दमा असण्याचा धोका २६ टक्क्यांनी कमी असतो. आणि ही लागण टाळता आली, तर पाच वर्षांच्या मुलांमधला १५ टक्के दमा टळू शकतो.

दमा आणि विषाणू यांवर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाचनात हा १५ टक्क्यांचा आकडा येतोच. बऱ्याचदा तो मूळ पेपरमधून नाही, तर कुठल्यातरी रिव्ह्यूमधून किंवा प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदातून येतो. आकडा सुटसुटीत आहे, लक्षात राहतो, आणि वेळही अशी आहे की तो सगळ्यांना हवा आहे. निर्सेव्हिमॅब हे बाळांना द्यायचं अँटिबॉडीचं इंजेक्शन युरोपात २०२२ मध्ये आणि अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं. गरोदर आईला द्यायची लसही २०२३ मध्ये आली. ही महागडी साधनं सरकारने सगळ्या बाळांना द्यावीत का, हा हिशेब मांडताना ‘शिवाय पुढचा दमाही टळतो’ हे वाक्य जोडलं की पारडं एकदम जड होतं. म्हणून हा आकडा किती भार पेलू शकतो हे बघायला हवं.

माझं मत आधीच सांगते. पेपर चांगला आहे. त्याची मांडणी या विषयातल्या बहुतेक जुन्या अभ्यासांपेक्षा शहाणी आहे. पण त्यातल्या १५ टक्क्यांचा जो अर्थ लोक लावतात, तो अर्थ या मांडणीतून निघत नाही.

प्रश्न मुळात काय आहे?

आरएसव्ही म्हणजे रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस. मोठ्या माणसाला यामुळे साधी सर्दी होते. तान्ह्या बाळाच्या श्वासनलिकांच्या अगदी बारीक फांद्या मात्र सुजतात, त्यात चिकट स्राव साठतो, छातीत घरघर सुरू होते आणि काही बाळांना ॲडमिट करून ऑक्सिजन द्यावा लागतो. दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला हा विषाणू एकदा तरी गाठतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अशा बाळांना पुढे दमा जास्त होतो, हे बालरोगतज्ज्ञ फार पूर्वीपासून बघत आले आहेत. स्वीडनमधल्या बोरॉस इथला अभ्यास या बाबतीत नेहमी सांगितला जातो. आरएसव्हीमुळे ॲडमिट झालेली ४७ बाळं आणि तुलनेसाठी ९३ बाळं घेऊन त्यांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. सातव्या वर्षी पहिल्या गटात दमा ३० टक्के, दुसऱ्या गटात ३ टक्के. अठराव्या वर्षीही फरक टिकून होता. उलट, अमेरिकेतल्या टूसॉन इथल्या अभ्यासात बहुतेक मुलं ॲडमिट न झालेली होती. तिथे आरएसव्हीनंतर घरघरीचा वाढलेला धोका वयाबरोबर ओसरत गेला आणि तेराव्या वर्षी उरला नाही.

इथे दोन स्पष्टीकरणं संभवतात. पहिलं, विषाणूने वाढत्या फुप्फुसाचं नुकसान केलं आणि त्यातून दमा आला. दुसरं, ज्या बाळाच्या श्वासनलिका मुळातच अरुंद आहेत किंवा ज्याचा कल जन्मतःच दम्याकडे आहे, त्यालाच आरएसव्ही जास्त त्रास देतो. म्हणजे दम्याचं कारण आधीपासून घरातच होतं, विषाणूने ते फक्त उघड केलं.

दुसऱ्या स्पष्टीकरणाच्या बाजूने पुरावा कमी नाही. टूसॉनच्याच गटाने १९८८ मध्ये १२४ बाळांची फुप्फुसक्षमता त्यांना छातीचा कुठलाही आजार होण्याआधी मोजली होती. ज्यांची क्षमता सुरुवातीलाच कमी होती, त्यांना पुढे घरघरीचे आजार जास्त झाले. डेन्मार्कमध्ये ८,२८० जुळ्यांच्या जोड्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ‘आरएसव्हीमुळे दमा’ यापेक्षा ‘दम्याच्या कलामुळे गंभीर आरएसव्ही’ हे मॉडेल आकड्यांना जास्त जुळलं. मग तिथेच एकसारख्या जुळ्यांच्या ३७ अशा जोड्या घेतल्या ज्यांत एक बाळ आरएसव्हीमुळे ॲडमिट झालं होतं आणि दुसरं झालं नव्हतं. साधारण सात वर्षांच्या वयात दोघांच्या दम्यात आणि फुप्फुसक्षमतेत फरक दिसला नाही.

जुळ्यांचा हा अभ्यास ऐकला की अनेकांना वाटतं, विषय संपला. पण जरा थांबा. एकाच घरातली, बहुधा एकाच खोलीत झोपणारी जुळी बाळं. एकाला आरएसव्ही झाला तर दुसऱ्याला लागण झाली नसेल असं कसं धरायचं? ॲडमिट न झालेल्या बाळालाही विषाणू बहुतेक भेटलाच असणार, फक्त त्रास कमी झाला. म्हणजे हा अभ्यास ‘गंभीर आजार की सौम्य आजार’ ही तुलना करतो. ‘लागण झाली की नाही’ या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. शिवाय ३७ जोड्यांत लहानसा फरक असला तरी तो सापडणं कठीणच.

इन्स्पायरने काय वेगळं केलं

या पेपरचं खरं बळ इथे आहे. या गटाने ‘किती गंभीर’ हा प्रश्न बाजूला ठेवला आणि ‘लागण झाली का’ एवढंच विचारलं. बाळ आजारी पडलं की नाकातला नमुना घेऊन पीसीआर केली. त्याच्या जोडीला रक्तातल्या अँटिबॉडी तपासल्या, म्हणजे ज्याला नुसतं नाक गळण्यावर निभावलं तेही बाळ मोजलं गेलं.

याचा फायदा काय? बाळाच्या श्वासनलिका अरुंद असतील तर आरएसव्हीचा त्रास वाढेल हे खरं. पण विषाणू त्याच्यापर्यंत पोचेल की नाही, हे मुख्यतः ते कधी जन्मलं आणि कोणाच्या संपर्कात आलं यावर ठरतं. म्हणजे जन्मजात कमकुवतपणाचा जो गोंधळ बोरॉससारख्या अभ्यासात होता, तो इथे बराच कमी होतो. बाळंही पूर्ण दिवसांची आणि निरोगी अशीच निवडली. जन्म जून ते डिसेंबर या काळातला, कारण टेनेसीत आरएसव्हीचा मोसम साधारण नोव्हेंबर ते मार्च असतो आणि मोसम सुरू होताना प्रत्येक बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं होतं.

ही कल्पना अचानक सुचलेली नाही. याच गटाने २००८ मध्ये टेनेसीतल्या ९५ हजारांहून अधिक मुलांच्या नोंदींवरून दाखवलं होतं की हिवाळी विषाणूंची लाट शिगेला पोचण्याच्या साधारण चार महिने आधी जन्मलेल्या मुलांमध्ये दम्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. जन्मतारीख आईवडील विषाणूचा मोसम बघून ठरवत नाहीत, त्यामुळे तो एक नैसर्गिक प्रयोगच होता. एक प्रश्न धरून पंधरा वर्षं एकेक अडचण दूर करत जाणं कसं असतं, हे बघायचं असेल तर हे दोन पेपर एकापाठोपाठ वाचा.

आकडा कागदावर मांडून बघू

लागण न झालेली ५८७ मुलं, त्यातली ९१ पाचव्या वर्षी दम्याची. लागण झालेली ६७० मुलं, त्यातली १३९ दम्याची. टक्केवारी अनुक्रमे १५.५ आणि २०.७. पेपरमध्ये १६ आणि २१ दिली आहे. एकूण १,२५७ मुलांमध्ये दम्याची २३०.

आता समजा, सगळ्याच मुलांना १५.५ टक्के हाच दर लागू झाला असता. मग दम्याची मुलं झाली असती साधारण १९५. म्हणजे ३५ कमी. २३० मधले ३५ म्हणजे १५ टक्के. लेखकांनी बाकीचे घटक धरून रीतसर मॉडेल वापरलं आहे, पण आकड्याचा गाभा हा एवढाच आहे. असा हिशेब करायला पाच मिनिटं लागतात, आणि मुलाखतीत ‘हा आकडा आला कुठून?’ असं विचारलं तर उत्तर तयार असतं.

हिशेब केला की आकड्यामागे धरलेली गोष्टही दिसते: दोन गटांतला सगळा फरक आरएसव्हीमुळेच आला आहे, आणि लागण काढून टाकली की तो फरक पूर्ण नाहीसा होईल. माझे आक्षेप इथूनच सुरू होतात.

पहिला आक्षेप: टाळणं की लांबवणं?

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य आठवा. दोन वर्षांपर्यंत जवळजवळ सगळ्यांना आरएसव्ही होतो. म्हणजे इन्स्पायरमधली ‘लागण न झालेली’ बाळं पुढच्या हिवाळ्यात बहुतेक लागण होऊन गेलेली असणार. तुलना आहे ती पहिल्या वर्षात लागण आणि नंतर लागण यांची. लेखक ‘पहिल्या वर्षात’ हे शब्द प्रत्येक ठिकाणी नीट लिहितात, त्यांना दोष देता येणार नाही. पण उद्धृत करणारे ते दोन शब्द गाळतात आणि वाक्य होतं ‘आरएसव्ही टाळला तर दमा टळतो’. वाढत्या फुप्फुसासाठी नाजूक काळ कुठला, हा प्रश्न यातून खरं तर जास्त रंजक होतो. तो गाळलेल्या शब्दांबरोबर हरवतो.

दुसरा आक्षेप: आरएसव्ही एकटा येत नाही

ज्या बाळाला मोठी भावंडं आहेत, जे पाळणाघरात जातं, त्याला आरएसव्ही लवकर होतो. त्याला बाकीचे विषाणूही लवकर होतात. अशा काही घटकांसाठी लेखकांनी गणिती दुरुस्ती केली आहे, पण दुरुस्तीनंतरही थोडंफार उरतंच.

यात ऱ्हायनोव्हायरसचा विचार करावाच लागतो. विस्कॉन्सिनमधल्या ‘कोस्ट’ या अभ्यासात आईवडिलांपैकी निदान एकाला ॲलर्जी किंवा दमा असलेली मुलं होती. २००८ मध्ये त्यांनी सांगितलं की पहिल्या तीन वर्षांत ऱ्हायनोव्हायरसमुळे घरघर झालेल्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी दम्याचा ऑड्स रेशो ९.८ आहे. आरएसव्हीच्या घरघरीसाठी तो २.६ होता. तिसऱ्या वर्षी ऱ्हायनोव्हायरसने घरघर झालेल्या ३० मुलांपैकी २६ मुलांना सहाव्या वर्षी दमा होता.

पण तिथेही कार्यकारणभाव उलटा वळतो. याच गटाने २०१२ मध्ये क्रम तपासला. आधी ॲलर्जीची संवेदनशीलता येते आणि मग ऱ्हायनोव्हायरसची घरघर वाढते, असं दिसलं. विषाणूच्या घरघरीमुळे ॲलर्जी वाढल्याचं दिसलं नाही. म्हणजे ९.८ हा मोठा आकडासुद्धा ‘विषाणूने दमा केला’ असं सांगत नाही. रेशो मोठा आहे म्हणून कारण पक्कं, असं धरू नका.

तिसरा आक्षेप: अंतराल आणि दम्याची व्याख्या

१५ टक्क्यांचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल २.२ ते २६.८ आहे. म्हणजे या डेटाशी २ टक्के हे उत्तरही सुसंगत आहे आणि २७ टक्केही. सरकारी धोरणाच्या दृष्टीने हे दोन वेगळे निर्णय आहेत. मथळ्यात मधला आकडा येतो, कडा येत नाहीत.

शिवाय लागणीची माहिती १,७४१ मुलांची होती आणि पाचव्या वर्षीच्या तुलनेत उरली १,२५७. चौथ्या हिश्शाहून जास्त मुलं गळाली. कोहोर्टमध्ये गळती होतेच. पण मूल खोकत असलं की पालक फोन उचलतात आणि मूल ठणठणीत असलं की कंटाळतात, ही शक्यता दोन्ही गटांत सारखी होती का, हे वाचकाने विचारायचं.

आणि पाच वर्षांचं वय. टूसॉनमध्ये तीन वर्षांच्या आत घरघर झालेल्या मुलांपैकी साधारण ६० टक्के मुलांची घरघर सहाव्या वर्षी थांबलेली होती. पाचव्या वर्षीचा ‘दमा’ हा या उतरणीच्या शेवटच्या पायऱ्यांवर मोजलेला आहे. त्यातला किती दहाव्या वर्षी दमा म्हणून उरेल, हे पेपरच्या आवाक्याबाहेरचं आहे.

मग प्रयोग काय सांगतात?

चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून बाळांना अँटिबॉडी किंवा प्लासिबो द्यायची, ही सरळ परीक्षा. दोन प्रयोग महत्त्वाचे आहेत.

पहिला नेदरलँड्समधला ‘माकी’. ३३ ते ३५ आठवड्यांत जन्मलेली ४२९ बाळं, औषध पॅलिव्हिझुमॅब. पहिल्या वर्षात घरघरीचे दिवस ६१ टक्क्यांनी कमी झाले. छान. सहाव्या वर्षी पालकांच्या सांगण्यानुसार दमा १४.१ टक्के विरुद्ध २४.० टक्के. हेही छान. पण डॉक्टरांनी निदान केलेला दमा १०.३ आणि ९.९ टक्के, म्हणजे फरक नाही. फुप्फुसक्षमतेतही फरक नाही. एकाच प्रयोगातून, कुठला निकष धरता त्यावर, दोन उलटी वाक्यं लिहिता येतात. आणि लिहिली जातातही.

दुसरा प्रयोग अमेरिकेतल्या नवाहो आणि अपाची समाजातल्या पूर्ण दिवसांच्या २,१२७ बाळांवर, औषध मोटाव्हिझुमॅब. आरएसव्हीमुळे ॲडमिट होण्याचं प्रमाण ८७ टक्क्यांनी घटलं. पण एक ते तीन वर्षांच्या वयात घरघरीसाठी दवाखान्यात यावं लागलेली मुलं औषधाच्या गटात १४.९ टक्के आणि प्लासिबोच्या गटात १४.० टक्के. तिळमात्र फायदा नाही.

इन्स्पायर आणि हा प्रयोग एकमेकांना खोटं ठरवतात का? माझ्या मते, नाही. इंजेक्शनने दिलेल्या अँटिबॉडीचं संरक्षण फुप्फुसात चांगलं असतं, नाकात त्या मानाने कमी. म्हणजे गंभीर आजार अडतो, लागण अडतेच असं नाही. प्रयोगाने गंभीर आजार हटवून बघितला. इन्स्पायरने लागण झालेले आणि न झालेले यांची तुलना केली. दोघांनी वेगळे प्रश्न विचारले.

पण यातून एक अडचणीचा मुद्दा निघतो. विषाणूचं नुकसान हेच कारण असेल, तर गंभीर आजार इतका घटल्यावर घरघर थोडी तरी कमी व्हायला हवी होती. ती झाली नाही. मग नुकसान आजाराच्या तीव्रतेतून होत नसून कोवळ्या वयातल्या नुसत्या भेटीतून होतं, असं म्हणावं लागेल. असं असू शकतं. पण मग निर्सेव्हिमॅबने दमा टळेल ही आशा इन्स्पायरच्या आधाराने धरता येत नाही, कारण ते औषधही मुख्यतः गंभीर आजारच अडवतं. पेपर खरा धरला तरी १५ टक्के हा ‘लागण काढून टाकली तर’चा आकडा आहे, ‘इंजेक्शन दिलं तर’चा नाही. प्रस्तावांमध्ये आणि रिव्ह्यूंमध्ये हीच एक उडी सर्रास मारली जाते.

आपल्याकडे हे करायचं झालं तर

ही मांडणी महाराष्ट्रात उचलायची असेल तर दोन गोष्टी आधी लागतील. एक म्हणजे स्थानिक मोसम. जून ते डिसेंबर ही निवड टेनेसीच्या हिवाळ्यासाठी आहे, ती जशीच्या तशी चालणार नाही. दुसरी म्हणजे ‘दमा’ हा शब्द. आपल्याकडे पालकांना तो नको असतो, मुलगी असेल तर जास्तच. मग फाइलवर ‘ॲलर्जिक ब्राँकायटिस’ लिहिलं जातं आणि घरी ‘छाती भरते’ म्हणतात. माकीमध्ये पालकांचं सांगणं आणि डॉक्टरांचं निदान जुळलं नाही. इथे ते वेगळ्याच दिशेने चुकेल. प्रश्नावलीत ‘तुमच्या मुलाला दमा आहे का?’ एवढंच विचारलं तर उत्तर ‘नाही’ येईल आणि डेटा वाया जाईल.

आणि एक गोष्ट विसरू नका. मेळघाटातल्या गावांमध्ये दोन वर्षांखालच्या मुलांमधल्या आरएसव्हीवर काम झालं आहे, ते २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात दवाखान्यापर्यंत न पोचता गावातच झालेले मृत्यूही मोजले होते. बाळांना आरएसव्हीपासून वाचवण्यासाठी तेवढं कारण पुरेसं आहे. दम्याचा डळमळीत आकडा त्याला जोडला आणि उद्या तो खोटा ठरला, तर मूळ चांगल्या कारणावरचा विश्वासही जातो.

पुढे कुठे बघायचं

स्पेनमधल्या गॅलिसियाने २०२३ च्या मोसमापासून बाळांना सरसकट निर्सेव्हिमॅब द्यायला सुरुवात केली. ती मुलं २०२८-२९ मध्ये पाच-सहा वर्षांची होतील. पण जिथे जवळजवळ सगळ्यांनाच औषध मिळालं, तिथे तुलना आधीच्या वर्षांत जन्मलेल्या मुलांशी करावी लागेल, आणि ती वर्षं कोविडची. तेव्हा अनेक देशांत आरएसव्हीचा हिवाळी मोसम जवळजवळ आलाच नव्हता. तो स्वतः एक नैसर्गिक प्रयोग आहे आणि त्याच वेळी तुलनेतला अडथळाही.

सरावासाठी एक काम: तुलनेचा गट कुठला घ्याल, दमा कोणाच्या सांगण्यावरून धराल आणि कितव्या वर्षी मोजाल, हे एका पानावर लिहा. कमेंटमध्ये टाकलंत तर त्यातल्या दोन-तीन मांडण्या पुढच्या लेखात अशाच सोलून बघू.